४० हजारांत जुना बी४५० पीसी अपग्रेड: आधी कार्ड, प्रोसेसर की एसएमपीएस? (इंदूर)

सुदामानगर_लॅग ने विचारले:

राम राम मंडळी. इंदूरचाच आहे. सध्याची मशीन अशी:

प्रोसेसर रायझेन ५ २६००, सोबत आलेलाच पंखा
बोर्ड बी४५०एम, रॅमचे चार स्लॉट
रॅम ८ जीबीची एकच स्टिक, डीडीआर४ २४००
ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबी
एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) लोकल, वर ‘४५० वॉट’ लिहिलंय
२४० जीबी साटा एसएसडी आणि १ टीबी हार्डडिस्क
मॉनिटर २२ इंची, १०८०पी, ७५ हर्ट्झ, फक्त एचडीएमआय आणि व्हीजीए
६०० व्हीएचा यूपीएस, विंडोज ११

व्हॅलोरंटमध्ये चार-पाच जण समोर आले की फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) धाडकन पडतात. सायबरपंक २०७७ मध्यम सेटिंगवरही अडखळत चालतो, गाडीतून जाताना तर जास्तच. सिल्व्हर मॉलमधल्या दुकानांत विचारलं तर सांगतात, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळं काढा, नव्या डीडीआर५ रॅमचा कॉम्बो घ्या, कार्ड नंतर बघू, एसएमपीएस आहे तोच चालेल. बजेट सगळं मिळून ४० हजार. कॉम्बो घेतला तर त्यातच पैसे संपतात. काय करावं?

---

आरएनटी_रिग:

कॉम्बो विसरा. बी४५० च्या एएम४ सॉकेटवर (प्रोसेसर बसतो ती जागा) रायझेन ५००० मालिका बसते, तेव्हा बोर्ड बदलायची गरजच नाही. आणि ‘एसएमपीएस तोच चालेल’ हे तर अजिबात ऐकू नका.

कॅबिनेटची बाजू उघडा आणि एसएमपीएसचं लेबल वाचा. ४५० हा आकडा सोडून द्या, +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. लोकल ४५० मध्ये तिथे बहुधा २० च्या आसपास आकडा असतो. १२ गुणिले २० म्हणजे २४० वॉट. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यात दाखवून बेरीज फुगवलेली असते. आजवर चाललं, कारण १६५० जेमतेम ७५ वॉट घेतं आणि तेही स्लॉटमधूनच. १६० वॉटचं कार्ड लावलंत की कार्ड आणि प्रोसेसर मिळूनच २४० च्या पुढे जातात. मग खेळता खेळता स्क्रीन काळी, मशीन आपोआप रीस्टार्ट, आणि माणूस ड्रायव्हर बदलत बसतो.

चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४३ ते ४५ अँपिअर दिसतात. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ म्हणजे फक्त वीज किती वाया जाते त्याचा दाखला. आतला माल कसा आहे ते त्यावरून कळत नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची तेही बघा, पाच असली तर बरं. मोलेक्समधून ६ किंवा ८ पिन काढणारा कन्व्हर्टर कुणी फुकट दिला तरी लावू नका. ८ पिनचं जोड १५० वॉटपर्यंतचं असतं आणि मोलेक्सच्या पिना तेवढ्यासाठी नसतात, वितळतात.

खरेदीला निघण्याआधी आणखी एक काम करा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबरचा रिव्हाट्यूनर टाकून कार्डाचा वापर, कार्डाची मेमरी, रॅम आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा) वापर स्क्रीनवर आणा. दोन्ही गेम वीसेक मिनिटं खेळा. कार्ड सतत ९५ च्या वर असेल तर अडचण कार्डाची. कार्ड ५०-६० वर रेंगाळतंय आणि फ्रेम तरीही पडतायत तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन ७२०पी करून बघा. फ्रेम वाढल्याच नाहीत तर कार्डाचा दोष नाही. आकडे इथे टाका, मग बोलू.

---

सुदामानगर_लॅग:

लेबल वाचलं. +१२ व्होल्ट, १८ अँपिअर!

व्हॅलोरंट: कार्ड ५५ टक्के, एक-दोन थ्रेड ९० च्या वर, रॅम ७.२ जीबी भरलेली.
सायबरपंक: कार्ड ९८ टक्के, कार्डाची मेमरी पूर्ण भरलेली, रॅम ७.६.

---

आरएनटी_रिग:

१८ म्हणजे २१६ वॉट. त्या एसएमपीएसला निरोप द्या.

आकडे स्वच्छ आहेत. एक गेम प्रोसेसरला अडकलाय, दुसरा कार्डाला, आणि रॅम दोन्हीकडे तोकडी. एकच स्टिक असल्यामुळे प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता अर्धाच उघडा आहे. जुन्या रायझेनला हे जास्तच लागतं, कारण त्याच्या कोअरच्या गटांमधला आतला दुवाही रॅमच्या वेगाशीच बांधलेला आहे. तेव्हा रॅम पहिली.

रॅमचे भाव सध्या चढलेले आहेत, म्हणून दोन वाटा. ८-८ जीबीची ३२०० वेगाची सीएल१६ (प्रतिसादाच्या उशिराचा आकडा) जोडी घेऊन जुनी स्टिक विकायची, ही चांगली. किंवा ८ ची एकच ३२०० स्टिक घेऊन जुनीच्या जोडीला लावायची. दुसऱ्या वाटेत दोन्ही स्टिक हळू असणाऱ्या वेगाने, म्हणजे २४०० ने चालतील, पण रस्ता तर पूर्ण उघडेल, आणि व्हॅलोरंटमधल्या त्या पडझडीत तेवढ्यानेही फरक दिसतो. जुनी रॅम विकत घ्यायलाही हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही. फक्त मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून चालवून बघा. एक जरी चूक दाखवली तरी परत करा.

स्टिक लावताना प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट. शेजारी-शेजारी लावल्या तर दोन स्टिक असूनही रस्ता अर्धाच राहतो. नंतर बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी (रॅम छापील वेगाने चालवण्याची सोय) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम मुकाट २१३३ किंवा २४०० वर चालते. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरी पानावर ३२०० ऐवजी १६०० दिसेल, घाबरू नका, ते दुप्पट धरायचं.

---

पोहेजिलेबी_६०एफपीएस:

वरच्या भाऊंशी सहमत, फक्त कार्डाबाबत माझं वेगळं म्हणणं आहे. बहुतेक जण ‘प्रोसेसर ५६०० आणि कार्ड आरएक्स ६६००’ ही जोडी सुचवतील. ४० हजारांत ती बसते आणि वाईटही नाही. पण बी४५० चा कार्डाचा स्लॉट पीसीआयई ३.० (जुन्या पिढीचा) आहे, आणि कार्ड किती लेन (डेटाच्या मार्गिका) वापरतं हे तिथे महत्त्वाचं ठरतं.

आरएक्स ६६००, आरएक्स ७६००, आरटीएक्स ४०६०, ५०५०, ५०६० ही सगळी आठ लेनची कार्डं. ३.० स्लॉटवर त्यांचा रस्ता अरुंद होतो. कार्डाची मेमरी पुरते तोवर फरक किरकोळ. ८ जीबी भरून वाहायला लागली की उरलेलं टेक्स्चर त्याच अरुंद रस्त्याने रॅममधून आणावं लागतं आणि तिथे झटके सुरू होतात. आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेनचं आहे, ३.० वरही त्याला पूर्ण रुंदी मिळते, आणि ते १६ जीबीतही येतं. एकच ८ पिन लागते, कार्डाची भूक १६० वॉट. सायबरपंकसारखे गेम आणखी चार वर्षं खेळायचे असतील तर मी एसएमपीएस आणि रॅम आत्ता, पैसे थोडे साठवून १६ जीबीचं कार्ड पुढे, आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी, असं म्हणेन.

आरएक्स ६५०० एक्सटी कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर पळा. ४ जीबी मेमरी आणि चारच लेन. ३.० स्लॉटवर ते तुमच्या १६५० पेक्षा पुढे जाईलच याची हमी नाही, वर त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायला प्रोसेसरच राबणार. इंटेल आर्क बी५८० कागदावर छान दिसतं, १२ जीबी वगैरे, पण ते रिसायझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय) लंगडतं आणि २६०० बरोबर ती सोय अधिकृतपणे मिळत नाही. मिळाली तरी आर्कच्या ड्रायव्हरचा भार जुन्या प्रोसेसरला झेपत नाही.

---

जुनीकार्डं_तपासनीस:

सेकंडहँडचा विचार मनात येणारच, म्हणून आधीच सांगतो.

जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० आता घेऊ नका, कितीही स्वस्त असोत. एनव्हिडियाने पास्कल पिढीचे (म्हणजे याच कार्डांचे) गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेची डागडुजी. तुमची १६५० ट्युरिंग पिढीची आहे, ती त्या यादीत नाही. म्हणजे नावाने मोठं पण भवितव्याने छोटं कार्ड घेतल्यासारखं होईल.

आरएक्स ५८० नावाने दोन वेगळी कार्डं फिरतात. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राची गणितं करणारी छोटी एककं) असतात. ‘२०४८ एसपी’वालं म्हणजे आतून ५७०. जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडून ‘शेडर्स’चा रकाना बघितला की दहा सेकंदांत कळतं. पण दोन्ही जुन्या पोलारिस पिढीची, ८ जीबी असूनही मी आज कुणाला सुचवणार नाही.

आरएक्स ६६०० सेकंडहँड मिळालं तर व्यवहार्य आहे. घेताना कार्ड समोर चालवून बघायचं, नुसत्या डेस्कटॉपवर नाही, जड गेम किंवा फरमार्क (कार्डावर ताण देणारा प्रोग्राम) पंधरा मिनिटं. तीन गोष्टी बघा: हॉटस्पॉटचं (चिपच्या सर्वांत गरम जागेचं) तापमान साध्या तापमानापेक्षा २५ अंशांहून जास्त वर पळतंय का (पळत असेल तर पेस्ट वाळलीय किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही), पंख्याचा खरखराट, आणि स्क्रीनवर रंगीत ठिपके-चौकोन. ठिपके दिसले तर मेमरी चिप गेलेली, मालक ‘ड्रायव्हरचं आहे’ म्हणेल, तरी निघा. मागच्या स्क्रूवरचं सील फाटलेलं आहे का आणि सिरियल नंबर बिलाशी जुळतो का तेही. ‘इम्पोर्टेड पीस’ म्हणजे बहुधा भारतात वॉरंटी नाही असाच अर्थ.

---

सुदामानगर_लॅग:

धन्यवाद सगळ्यांना. ठरवलं: एसएमपीएस आणि रॅमची जोडी या आठवड्यात. उरलेल्या पैशांत ५६०० आणि ६६०० घ्यायचं, की थांबून ९०६० एक्सटी, ते रॅम लावून पुन्हा मोजल्यावर. प्रोसेसर बदलणं मात्र मला जमेल का? दुकानदार बायोसचे वेगळे पैसे सांगतोय.

---

धुळीचा_वैरी:

जमेल, फक्त क्रम चुकवू नका. बायोस आधी, जुना २६०० जागेवर असताना. नवा प्रोसेसर बसवून बसलात आणि बोर्ड त्याला ओळखतच नसेल तर स्क्रीनच येणार नाही.

बोर्डावर छापलेलं नाव आणि ‘रेव्हिजन’ बघा, एकाच नावाचे दोन-तीन प्रकार असतात. कंपनीच्या साइटवर त्याच रेव्हिजनच्या प्रोसेसर यादीत ५६०० समोर कोणता बायोस लिहिलाय ते बघा आणि तो किंवा त्याहून नवा घ्या. एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ किंवा पुढचा असलेलाच बरा, त्याआधीच्यांत एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) अधूनमधून आवाज आणि चित्र एकदम अडकायचं. खूप जुना बायोस असेल तर काही बोर्डांना मधला एक टप्पा लागतो, डाउनलोडच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. फाइल एफएटी३२ पेनड्राइव्हवर टाकायची आणि बायोसमधल्याच सोयीने चढवायची: एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश, एसुसमध्ये ईझेड फ्लॅश. मशीन यूपीएसवर हवीच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड मेला समजा. चढवल्यावर सगळी सेटिंग कोरी होतात, एक्सएमपी पुन्हा चालू करायचं.

त्याआधी विंडोजमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (ड्राइव्हला लागणारं बिटलॉकरचं कुलूप) चालू आहे का बघा. असेल तर बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या, किंवा तेवढ्यापुरतं ते थांबवा. प्रोसेसर बदलला की बायोस विचारतो, एफटीपीएम रीसेट करू का? ‘वाय’ दाबलं आणि की हाताशी नसली तर ड्राइव्ह कुलूपबंद.

आता हाताचं काम. एएम४ च्या पिना प्रोसेसरला असतात, सॉकेटला नाही. जुनी पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, आणि पंखा सरळ वर ओढला की कुलूप लागलेल्या सॉकेटमधून प्रोसेसर उपटून हातात येतो, पिना वाकलेल्या. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं गेम चालवून मशीन गरम करा, बंद करून वायर काढा, स्क्रू सोडवा आणि पंखा डावी-उजवीकडे हलके पिळत राहा. पेस्टने पकड सोडल्याचं हाताला स्पष्ट कळतं, मगच उचला. प्रोसेसरवरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून नवा अलगद ठेवा. तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो. बोटाने दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय, थांबा. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने.

५६०० बरोबर पंखा येतो. ५७००एक्स३डी कुठे बऱ्या भावात दिसला तर व्हॅलोरंटसाठी त्याची ९६ एमबी कॅश (प्रोसेसरमधली झटपट मेमरी) फार कामाची आहे, पण त्याच्या डब्यात पंखा नसतो, वेगळा धरावा लागेल. ५५०० आणि ५६००जी ला मात्र ५६०० समजू नका, दोन्हींची कॅश निम्मी, १६ एमबी.

---

रामबाग_अर्थिंग:

विजेचं कुणी बोललंच नाही, आणि आपल्याकडे अर्धे घोळ तिथेच असतात.

कॅबिनेटच्या न रंगवलेल्या स्क्रूला उलटा हात लावा. बारीक झिणझिण्या आल्या तर भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आतले गाळणीचे कपॅसिटर गळतीचा करंट अर्थच्या पिनेतून बाहेर सोडतात. अर्थ नसेल तर तो पत्र्यावर साठतो, साधारण निम्म्या मेन्सएवढा व्होल्टेज. करंट अगदी थोडा, पण यूएसबी पोर्ट आणि हेडफोनमध्ये घूं आवाज, आणि एचडीएमआय वायर चालू मशीनला लावताना ठिणगी. रामबाग, नारायण बाग भागातल्या जुन्या घरांत तीन पिनी सॉकेट असतं, पण मागे तिसरी तार असेलच असं नाही. आधी इलेक्ट्रिशियन, मग कार्ड.

६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे बहुधा ३६० वॉट, पाठीमागे लिहिलेलं असतं. ५६०० पूर्ण लोडवर ७६ वॉट, ६६०० कार्ड १३२, बाकी मशीन चाळीस-पन्नास, मॉनिटर पंचवीस. एसएमपीएसची स्वतःची खोट धरून भिंतीतून तीनशेच्या आसपास. बसतं, पण आतल्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर काही मिनिटंच, गेम सेव्ह करून बंद करण्यापुरती. बॅटरी तीन वर्षांची असेल तर लाइट जाताच मशीनही जाईल. ९०६० एक्सटी घेतलंत तर १००० व्हीए, ६०० वॉटचा धरा. राउटर, स्पीकर त्यावर लावू नका, आणि लेझर प्रिंटर तर कधीच नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याच्या मागचा खटका ‘यूपीएस’ मोडवर हवा. साध्या मोडला बदलायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ एसएमपीएस दम धरत नाही. तो पूर्ण लोडवर पंधरा-सोळा मिलीसेकंद तग धरतो, बस.

मे महिन्यात इथे ४२ अंश चढतात, खोली ३६-३७ वर. हिवाळ्यात ७० वर चालणारं कार्ड तेव्हा ८० च्या वर जाणार, त्यात कार्डाचा दोष नाही. कॅबिनेटची बाजू काढून त्याच गेममध्ये पुन्हा तापमान बघा. पाच-सात अंशांहून जास्त उतरलं तर समोरून हवा कमी येतेय. समोर १२० मिमीचे दोन पंखे आत ढकलणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरे. समोर काचेचा बंद पत्रा असलेली रोषणाईची कॅबिनेटं फोटोत छान दिसतात, एवढंच त्यांचं कर्तृत्व. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर बेअरिंग जातं.

---

सुदामानगर_लॅग:

स्क्रूला झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनला सांगितलंय.

दोन शेवटचे प्रश्न. व्हॅलोरंट सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं विंडोज सुरू होऊ देणारी बायोसची सोय) मागतोय, तो चालू करायला सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद केलं की विंडोज उघडतच नाही, परत चालू केलं की उघडतं. आणि मॉनिटर ७५ हर्ट्झचा असून विंडोजमध्ये ६० दिसतात.

---

धुळीचा_वैरी:

विंडोज जुन्या पद्धतीने, एमबीआर डिस्कवर टाकलेलं आहे. सीएसएम बंद केलं की फक्त यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) उरतं, त्याला जीपीटी (नव्या मांडणीची) डिस्क लागते. सगळं पुसायची गरज नाही. विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची सोय आहे, अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून चालते. आधी तिचा ‘व्हॅलिडेट’ चालवा, तो पास झाला तरच ‘कन्व्हर्ट’. त्या डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ती नाही म्हणते. महत्त्वाच्या फाइली आधी हार्डडिस्कवर उतरवा. मग बायोसमध्ये सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, एफटीपीएम चालू. रिसायझेबल बारलाही सीएसएम बंद असावं लागतं, म्हणजे नवं कार्ड येण्याआधी हे काम झालेलं बरं.

---

पोहेजिलेबी_६०एफपीएस:

मॉनिटरसाठी: सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे ७५ निवडा. यादीत नसेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर ‘पीसी’ असं लिहिलेल्या गटातलं १९२० बाय १०८० निवडा. वरच्या टीव्हीवाल्या गटात बऱ्याचदा ६० पर्यंतच असतात.

मॉनिटरच्या मेनूत फ्रीसिंक (मॉनिटरने फ्रेमच्या वेगाशी जुळवून घेण्याची सोय) असेल तर ते चालू करून ठेवा. तुमच्याकडे डिस्प्लेपोर्ट नाही, म्हणून १६५० वर ते एचडीएमआयमधून मिळत नाही. एएमडीचं कार्ड ते एचडीएमआयवरूनही देतं. कार्ड बदलायच्या आदल्या रात्री डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर सेफ मोडमध्ये चालवून एनव्हिडियाचे ड्रायव्हर काढा, आणि नेट तोडूनच, नाहीतर विंडोज मधल्या मध्ये स्वतःचा ड्रायव्हर टाकून बसतं.